गीतरामायण एक, आवृत्त्या सहा : बाबांच्या संगीतसंग्रहाच्या टॅगिंगच्या नोंदी

७ जून २०२५

बाबांच्या संग्रहाला आज हात घातला. एकूण ११,३४० फायली, १८६ जीबी, तीन बाह्य डिस्क आणि चार पेनड्राइव्हवर विखुरलेल्या. शिवाय माळ्यावर १३८ एलपी, तीनशेच्या वर कॅसेट आणि ९० सीडी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या पुराचे पाणी आमच्या तळमजल्यात आले तेव्हा एलपी वाचल्या, पण कव्हरांचा लगदा झाला. म्हणजे कोणती तबकडी कोणत्या आवृत्तीची हे आता फक्त मधल्या गोल लेबलावरून ओळखायचे.

कामाला निमित्त आईचे. तिच्या फोनवर 'गीतरामायण' शोधले की नऊ अल्बम दिसतात. 'गीतरामायण', 'गीत रामायण', 'गीत-रामायण', रोमन लिपीत चार तऱ्हांनी, एक 'अज्ञात' आणि एक 'नवीन फोल्डर ३'. कोणत्यात काय आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही.

साधने : टॅगिंगसाठी (म्हणजे फाइलच्या आत गाण्याचे नाव, गायक, साल असे रकाने भरण्यासाठी) म्यूझिकब्रेन्झ पिकार्ड आणि एमपी३टॅग, ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी, तुलनेसाठी फूबार २०००. घरात ऐकण्यासाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर नेव्हिड्रोम, म्हणजे घरातल्या सगळ्या फोनना संग्रह ऐकवणारे सॉफ्टवेअर, ते दादाने पुण्याहून रात्री फोनवर सांगत सांगत बसवून दिले. सॉफ्टवेअरला खर्च शून्य. ४ टीबीची नवी डिस्क १०,२०० रुपये.

८ जून

दिवसभर सगळे एका डिस्कवर ओतले. रात्री डुप्लिकेट शोधणारे एक फुकट सॉफ्टवेअर चालवले. शीर्षक आणि गायक सारखे असतील तर जास्त बिटरेटची (सेकंदाला जास्त माहिती साठवणारी) फाइल ठेवायची, कमी बिटरेटची उडवायची, असा नियम लावला. २,१०० फायली गेल्या. एका रात्रीत संग्रह पाचव्या हिश्शाने हलका झाला. खूप बरे वाटले.

१५ जून

आठ तारखेची नोंद तशीच ठेवते, कारण या सबंध कामातली सर्वांत मोठी चूक तीच आहे.

आज सकाळी आईने गीतरामायणातले माणिक वर्मांचे गाणे लावायला सांगितले. लावले. दोन ओळी ऐकून ती म्हणाली, "अगं, या माणिकताई नाहीत. हे बाबूजी आहेत." बाबूजी म्हणजे सुधीर फडके.

गीतरामायण आमच्याकडे मुळात दोन वेगळी ध्वनिमुद्रणे म्हणून आहे. पहिले आकाशवाणी पुणे केंद्राचे. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला सुरू झाले आणि दर आठवड्याला एक गाणे याप्रमाणे पुढच्या रामनवमीपर्यंत चालले. बावन्न आठवड्यांची बावन्न गाणी व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून छप्पन्न झाली. त्यात पात्रागणिक गायक वेगळे : माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, बबनराव नावडीकर आणि इतर. दुसरे एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीचे, नंतरचे, सगळीच्या सगळी गाणी सुधीर फडके यांच्या आवाजात. आकाशवाणीने केलेले पुनःप्रक्षेपण बाबांनी ऐंशीच्या दशकात रेडिओवरून कॅसेटवर घेतले होते. २००८ मध्ये त्यांच्या एका मित्राने त्या कॅसेटचे एमपी३ करून दिले, आणि ते करताना 'गायक' या रकान्यात सगळीकडे संगीतकाराचेच, म्हणजे फडक्यांचेच, नाव घातले.

म्हणजे शीर्षक तेच, गायकही कागदोपत्री तोच, आणि बिटरेट कमी. माझ्या नियमात ती गाणी अचूक बसली. छप्पन्नपैकी एकतीस उडाली.

पुढची चूक मग लक्षात आली. मूळ प्रत पेनड्राइव्हवर होती आणि मी सॉफ्टवेअर तिच्यावरही चालवले होते. पेनड्राइव्हवरून उडवलेले रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. शिवाय गेल्या आठवड्यात त्याच पेनड्राइव्हवर मी ऑफिसच्या फायली टाकल्या. परत मिळवणारे सॉफ्टवेअर चालवले तर नावे दिसतात, आत दुसरेच काहीतरी.

जो कोणी हे काम काढेल त्याला हात जोडून सांगते. आवृत्त्या ओळखून होईपर्यंत एकही फाइल उडवू नका. जागा महाग नाही.

१८ जून

बाबांच्या कपाटात २००८ च्या दोन डीव्हीडी मिळाल्या, त्यांच्याच अक्षरात 'आकाशवाणी – राखीव' असे लिहिलेल्या. एक नीट वाचली गेली. दुसरीच्या कडेला ढगाळ डाग पडला आहे, ड्राइव्ह घरघरत राहतो आणि सोडून देतो. एकतीसपैकी एकोणीस गाणी परत आली. उरली बारा, ती मूळ कॅसेटवरून पुन्हा उतरवायची.

२२ जून

कॅसेट डेक बाहेर काढला तर चाके फिरतच नाहीत. रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता, हाताला लागला तो रॉकेलनेही निघेना. बाजारात एक दुरुस्तीवाले काका अजून डेक उघडतात. पट्टा ३५० रुपये, मजुरी ८००. हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली १८० रुपये.

काकांनी एक गोष्ट शिकवली, ती लाखाची. बाबांनी ज्या टेपरेकॉर्डरवर मुद्रण केले त्याचे हेड किंचित तिरके असणार. सरळ हेडच्या डेकवर त्या कॅसेट वाजवल्या की आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा येतो. हेडशेजारच्या छोट्या स्क्रूला पाव फेऱ्याच्याही आत फिरवत गेले की एका जागी 'स' आणि 'श' एकदम स्वच्छ होतात. आज फिरवला. झांजा उघडल्या. मूळ जागेवर आधी नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला आहे, कारण विकतच्या कॅसेटसाठी स्क्रू परत तिथेच आणावा लागतो.

२९ जून

बारापैकी अकरा गाणी उतरली. मध्यम लहरींवरून घेतलेली असल्याने पाच किलोहर्ट्झच्या वर काही नाहीच, मधूनमधून दुसऱ्या केंद्राची शीळ येते. तरी फ्लॅकमध्येच (आवाजातले काही न गाळणाऱ्या प्रकारात) ठेवली. चिंचोळ्या आवाजाची फाइल लहानच होते, आणि एमपी३ वरून पुन्हा एमपी३ करणे या संग्रहात पुष्कळ झाले आहे.

बारावे गाणे सात नंबरच्या कॅसेटवर. ती पुरात भिजलेल्या खणातली. आत वाळलेला गाळ आहे.

६ जुलै

आषाढी एकादशी, सुट्टी. सात नंबरची कॅसेट परवाच उघडली होती. कवच चिकटवलेले होते, पात्याने कडेकडेने फोडले. फीत बाहेर काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलकेच धुतली, पंख्याशिवाय सावलीत दोन दिवस सुकवली, आणि स्क्रूच्या कवचात बसवली. त्यासाठी एका कोऱ्या कॅसेटचा बळी दिला. पहिली बाजू पूर्ण वाजली, गाळाची खरखर आहे पण शब्द न् शब्द कळतो. दुसऱ्या बाजूला लावताना फीत एकमेकींना चिकटलेल्या जागी ताणली जाऊन फाटली. जोडपट्टीने जोडली, पुन्हा तिथेच फाटली. हवे असलेले गाणे नेमके त्या बाजूला.

मी गुंडी जोरात फिरवली. बोटाने मिलिमीटर मिलिमीटरने सोडवायला हवी होती.

१३ जुलै

टॅगिंगकडे. आठवडाभर एकच प्रश्न : 'अल्बम' म्हणजे काय?

पिकार्डची रचना समजल्यावर गाठ सुटू लागली. पिकार्ड ज्या माहितीसाठ्यातून टॅग घेतो त्या म्यूझिकब्रेन्झमध्ये वर एक 'रिलीज ग्रुप' असतो, म्हणजे ती कृती. त्याखाली प्रत्येक प्रकाशन वेगळे 'रिलीज' म्हणून : एलपी वेगळी, कॅसेट वेगळी, सीडी वेगळी. आणि 'रेकॉर्डिंग' म्हणजे प्रत्यक्ष गायलेला क्षण, तो तिन्हींमध्ये एकच असू शकतो. आमच्याकडच्या सहा प्रतींना हे लावून पाहिले. एचएमव्हीची एलपी, विकतची कॅसेट आणि सीडी ही एका रेकॉर्डिंगची तीन प्रकाशने. आकाशवाणीच्या बाबांच्या कॅसेट हे वेगळेच रेकॉर्डिंग. कुणीतरी प्रेक्षकांत बसून घेतलेली जाहीर कार्यक्रमाची ध्वनिफीत तिसरे. आणि चुलतभावाच्या पेनड्राइव्हवरून आलेले एमपी३ कशाचे हे अजून माहीत नाही.

हे कागदावर लिहिले तेव्हा आठ जूनला मी नक्की काय केले ते कळले. मी दोन माणसांना एकच समजले, कारण दोघांचे नाव सारखे होते.

१४ जुलै

पिकार्डमध्ये एक फसवी जागा आहे, ती लिहून ठेवते. 'स्कॅन' हे बटण गाण्याच्या आवाजाचा ठसा काढून शोधते. पण ठसा सांगतो तो रेकॉर्डिंग कोणते ते, प्रकाशन कोणते ते नाही. एलपीवरून उतरवलेले गाणे आणि सीडीवरचे गाणे यांचा ठसा सारखाच येणार, मग साल आणि कंपनी कुठल्याही आवृत्तीची लागू शकते. मी काल ४० फायली न बघता सेव्ह केल्या आणि एलपीच्या गाण्यांना सीडीचे साल लागले. परत केल्या. आता आधी प्रकाशन हाताने निवडते आणि मग फायली त्यावर ओढते.

एलपीसाठी लेबलावरचा क्रमांक हाच आधार. ईएएलपी आणि ईसीएलपी ही अक्षरे असली तर मोनो, ईएएसडी किंवा ईसीएसडी असली तर स्टिरिओ. लेबलही गेले असेल तर शेवटच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला आकडा टॉर्च तिरका धरून वाचता येतो. सीडीवर वर्तुळातला 'पी' आणि वर्तुळातला 'सी' यांची साले वेगळी असू शकतात. 'पी' हे ध्वनिमुद्रण प्रकाशित झाल्याचे साल. मुद्रण जुने असले तरी मुखपृष्ठावर 'सारेगामा' हे नाव असेल तर ती प्रत २००० किंवा नंतरची, कारण ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने, म्हणजे एचएमव्हीवाल्यांनी, हे नाव त्या वर्षी घेतले. कंपनीच्या रकान्यात मी जे छापले आहे तेच ठेवते, सगळ्यांना एचएमव्ही करत नाही.

साल दोन रकान्यांत. 'ओरिजिनल डेट' मध्ये मुद्रणाचे किंवा पहिल्या प्रसारणाचे, 'डेट' मध्ये या प्रतीचे. आकाशवाणीच्या संचाला पहिल्यात १९५५, दुसऱ्यात बाबांनी कॅसेटवर लिहिलेले साल.

२० जुलै

नेव्हिड्रोममध्ये 'कट्यार काळजात घुसली' उघडले तर एकाच अल्बममध्ये वसंतराव देशपांडे आणि शंकर महादेवन. १९६७ च्या नाटकाची पदे आणि २०१५ च्या चित्रपटाची गाणी एकत्र मिसळली होती, एक नंबरची दोन गाणी, दोन नंबरची दोन. कारण मीच. दोन्हींना अल्बमचे नाव तेच आणि 'अल्बम आर्टिस्ट' मध्ये 'विविध कलाकार' घातले होते.

उपाय दोन. एक, 'विविध कलाकार' शक्यतो वापरायचे नाही. नाटकाच्या पदांना जितेंद्र अभिषेकी, चित्रपटाला शंकर-एहसान-लॉय. आमच्याकडे नाट्यपदे आणि भावगीते संगीतकाराच्या नावानेच आठवली जातात, मग टॅगनेही तसेच वागावे. दोन, 'अल्बम व्हर्जन' हा रकाना. त्यात 'नाटक, १९६७' किंवा 'चित्रपट, २०१५' असे लिहिले की नेव्हिड्रोम अल्बम वेगळे धरतो आणि नावाखाली ते दाखवतोही. गीतरामायणाला हाच रकाना देवासारखा धावून आला. सहा अल्बम, सहाही 'गीतरामायण' याच नावाचे, खाली बारीक अक्षरात 'आकाशवाणी, बाबांच्या कॅसेट', 'एचएमव्ही एलपी' असे. नावातच कंस आणि शेपट्या लावल्या असत्या तर आईला शोधताना त्रास झाला असता.

२७ जुलै

देवनागरीने अडवलेल्या जागा. या आठवड्यात फक्त याच सापडल्या.

गाण्यांचे क्रमांक मी हौसेने देवनागरी आकड्यांत घातले होते, ०१, ०२ असे. प्लेअरला ते आकडेच वाटले नाहीत, ३१० गाणी शून्य क्रमांकावर गेली आणि अकारविल्हे वाजू लागली. एमपी३टॅगमध्ये दहा अदलाबदलींची एक क्रिया करून सगळे इंग्रजी आकड्यांत आणले. शीर्षकात देवनागरी आकडे चालतात, क्रमांकाच्या रकान्यात नाही.

'ॲ' दोन तऱ्हांनी टाइप होतो : एक अखंड अक्षर, आणि दुसरा 'अ' वर चंद्र देऊन. दिसायला एक, संगणकाला दोन. 'अर्धा र' चेही तसेच. शोधात निम्मी गाणी येत नव्हती ती यामुळे.

जुन्या पुस्तकात गाण्यांची नावे जुन्या लेखनात आहेत, 'जाऊं', 'कुठें' अशी अनुस्वारांसह. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते अनुस्वार गेले. सीडीवर नवे लेखन. दोन्ही ठेवले तर एकाच गाण्याची दोन नावे होतात. शीर्षकात आजचे लेखन घेतले आणि जुने वेगळ्या रकान्यात जपले. ते पुसायला मन झाले नाही.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो फाइलच्या नावांच्या लांबीने. विंडोजवर नीट असलेल्या ४६ फायली रास्पबेरी पायच्या डिस्कवर जाईनात, 'नाव फार लांब'. तिथे नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे, अक्षरांची नाही. देवनागरीचा प्रत्येक वर्ण तीन बाइट घेतो आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त प्रत्येक वेगळा मोजला जातो. म्हणजे फक्त ८५. 'राग, विलंबित एकताल, बंदिशीचे बोल, मग द्रुत तीनताल, बंदिशीचे बोल' असे नाव दिले की संपलेच. आता फाइलच्या नावात क्रमांक आणि छोटे शीर्षक, बाकी सगळे टॅगमध्ये.

३ ऑगस्ट

आई आणि मी, उपाध्यांवरून. भीमसेन जोशी हे गायक संग्रहात सात नावांनी होते : पं., पंडित, भारतरत्न, नुसते, आणि रोमनमधली तीन. मी सगळ्यांची 'भीमसेन जोशी' केली. आई म्हणाली, "तुझ्या बाबांनी कधी पंडितजी सोडून नाव घेतलं नाही." तिचे खरे आहे. पण 'पं.' ठेवले तर निम्मे गायक 'प' खाली आणि उस्ताद मंडळी 'उ' खाली जाऊन बसतात. शेवटी नावाच्या रकान्यात उपाधी नाही, आणि गायकाच्या चित्राखालच्या माहितीत ती आदराने, पूर्ण. आईला ते पटले.

क्रमवारीसाठी आडनाव पुढे घ्यायची पद्धत आहे, ती मी घेतली नाही. आपल्याकडे कुमार 'कु' मध्ये शोधतात आणि किशोरीताई 'कि' मध्ये.

१० ऑगस्ट

विकतच्या कॅसेटचा घोळ. गीतरामायणाच्या सीडीवरची गाणी पिकार्डचा ठसा ओळखतो, त्याच मुद्रणाच्या कॅसेटवरची एकही नाही. आधी वाटले कॅसेटसाठी वेगळे गायले असेल. मोठा शोध लागल्यासारखी रात्री एकपर्यंत बसले.

मग वेळ मोजली. सीडीवर ६ मिनिटे ४२ सेकंदांचे गाणे माझ्या कॅसेटवर ६ मिनिटे ३३ सेकंदांत संपते. दुसरे गाणे मोजले, तिसरे मोजले, प्रमाण तेच : सव्वादोन टक्के जलद. सुमारे सहा टक्क्यांना एक पट्टी चढते, म्हणजे काळी एकचे गाणे काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी लटकत होते. पेटी जुळवून बघितली तेव्हा कानालाही कळले. आवाजाचा ठसा स्वरांच्या जागांवरून निघतो, पट्टी सरकली की तो जुळत नाही.

डेकचा नवा पट्टा मूळ मापाचा नव्हता. काकांनी मोटरच्या मागच्या छिद्रातून बारीक स्क्रूड्रायव्हर घालून वेग कमी करून दिला. मी लॅपटॉपवर सीडी आणि डेकवर कॅसेट लावून दोन्ही एकत्र ऐकत होते, दोन्हींचे षड्ज एकमेकांवर बसेपर्यंत. पैसे घेतले नाहीत.

तोवर ४३ कॅसेट चुकीच्या वेगाने उतरल्या होत्या. ऑडॅसिटीत वेग बदलून २६ सुधारल्या. उरलेल्या सतरांत सुरुवातीचा आणि शेवटचा वेग वेगळा निघाला, डेक तापत गेला तसा. त्या पुन्हा उतरवल्या. तीन आठवडे गेले.

आकाशवाणीची अकरा गाणीही याच पट्ट्यावर उतरली होती. त्यांना ताडून पाहायला सीडी नाही. तिथे घरघर कामी आली. ऑडॅसिटीच्या वर्णपटात (आवाजातल्या कंपनसंख्यांच्या आलेखात) विजेच्या घरघरीची शिखरे दिसतात. १५० हर्ट्झला एक, ते माझ्याच डेकचे, आणि १५३ च्या जरा वर दुसरे, ते बाबांच्या टेपरेकॉर्डरचे. तेही मुळात १५० लाच असणार. त्या प्रमाणात खाली आणले.

३१ ऑगस्ट

गणपतीत आठवडा गेला. चुलतभाऊ आला होता, त्याच्या एमपी३ ची चौकशी केली. त्याला मित्राकडून, मित्राला आणखी कुणाकडून.

आज ते हेडफोनवर ऐकले. चौथ्या गाण्यात २ मिनिटे ११ सेकंदांवर 'टक' असा आवाज येतो आणि मग ठरावीक अंतराने येत राहतो, अकरा वेळा. अंतर मोजले, १.८ सेकंद. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, एका फेऱ्याला बरोबर १.८ सेकंद. म्हणजे हे एलपीवरून आले आहे आणि तिच्यावर आडवा ओरखडा आहे. माळ्यावरून आमची तबकडी आणली, लावली. २ मिनिटे ११ सेकंद, टक. अकरा वेळा.

बाबांचीच एलपी. २००८ मध्ये उतरवलेली, कुणाकुणाच्या हातून फिरून, चार वेळा नाव बदलून सतरा वर्षांनी घरी आली. वर्णपटात १६ किलोहर्ट्झला सरळ रेघ होती, १२८ बिटरेटच्या एमपी३ ची खूण. तीच गाणी पुढे एका फोल्डरमध्ये 'फ्लॅक' म्हणूनही होती, तिथेही रेघ त्याच जागी. एमपी३ वरून फ्लॅक केले की फाइल फुगते, रेघ हटत नाही.

ही मात्र खरी डुप्लिकेट. एलपी आता नव्या सुईने (१,२०० रुपये) आणि टर्नटेबलच्या कडेचे ठिपके निऑनच्या उजेडात स्थिर आहेत हे पाहून नव्याने उतरवली आहे. जुन्या फायली उडवल्या. सहाच्या पाच आवृत्त्या झाल्या.

१४ सप्टेंबर

दोन सीडीसंच, मुखपृष्ठ वेगळे, क्रमांक वेगळे. फूबारमधील बिट-तुलनेने पाहिले तर सुरुवातीचे काही नमुने (आवाजाचे सूक्ष्म तुकडे) मागेपुढे आहेत, बाकी शेवटच्या बिटपर्यंत तेच. एकाच मास्टरच्या, म्हणजे मूळ मुद्रणप्रतीच्या, दोन छपाया. आवाज एकच ठेवला आणि दुसऱ्याचा क्रमांक व मुखपृष्ठाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये.

विकतची कॅसेट आणि एलपी यांचा आवाज एकच असूनही दोन्ही ठेवल्या. कॅसेटवर दोन्ही बाजू सारख्या भराव्यात म्हणून गाणी इकडची तिकडे केली आहेत, आणि एका बाजूच्या शेवटचे गाणे हळूहळू बुजवून तोडले आहे. मी लहानपणी ते तसेच ऐकले. अजूनही ते गाणे पूर्ण ऐकताना शेवटचे कडवे मला नवे वाटते.

५ ऑक्टोबर

गाडीतल्या प्लेअरवर देवनागरीच्या जागी चौकोन. त्याच्यासाठी वेगळी एमपी३ प्रत, रोमन नावांची, एका पेनड्राइव्हवर. मूळ संग्रहाला हात लावलेला नाही. पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून 'फक्त गाडी' लिहिले आहे.

दुसरी ४ टीबीची डिस्क घेतली, १०,४०० रुपये. ती दादाकडे पुण्यात राहील. पाणी पुन्हा कधीही येऊ शकते.

आतापर्यंतचा खर्च २३,१३० रुपये. दररोज संध्याकाळी दीड-दोन तास, चार महिने.

२ नोव्हेंबर

आकाशवाणीच्या संचात ५५ गाणी आहेत. 'एकूण' या रकान्यात ५६ लिहिले आहे आणि गेलेल्या गाण्याचा क्रमांक रिकामा सोडला आहे. दादा म्हणाला, पुढचे सगळे एकेक वर सरकव, प्लेअरला बरे दिसेल. नाही सरकवले. कथेतला त्याचा क्रम तोच आहे.

बेळगावच्या आत्याला फोन केला. तिच्याकडेही त्या काळी रेडिओवरून घेतलेल्या कॅसेट होत्या हे आईला आठवले. आत्या म्हणाली, "शोधते, पण तुझ्या काकांनी कशावर काय घेतलं असेल देव जाणे."

२३ नोव्हेंबर

आत्याच्या नातवाबरोबर बुटांच्या खोक्यातून नऊ कॅसेट आल्या. सहाव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, बातम्यांच्या शेवटच्या वाक्यानंतर, ते गाणे मिळाले. बटण दाबायला उशीर झालेला दिसतो, पहिले चाळीसेक सेकंद नाहीत. हेडचा स्क्रू पुन्हा शोधला, या टेपरेकॉर्डरचे हेड उलट बाजूला तिरके होते. वेग १५० च्या शिखरावरून तपासला. चार वेळा उतरवले, चौथे ठेवले.

आईने डोळे मिटून पूर्ण ऐकले आणि पुन्हा लावायला सांगितले.

अल्बम व्हर्जन : आकाशवाणी, बाबांच्या कॅसेट. ओरिजिनल डेट : १९५५. शेरा : सुरुवात अपूर्ण, सुमारे ४० सेकंद नाहीत. हे एक गाणे बेळगावच्या आत्याच्या कॅसेटवरून.